क्रिस्पिन कुठे हसतो

माझा नवरा क्रिस्पिन हसतो, ही गोष्ट आमच्या तोर्रेखुन्को गावात अठरा वर्षं फक्त मला, आमच्या सशांना आणि देवाला माहीत होती. सशांनी कोणाला सांगितली नाही. देव तर सगळ्यांचंच पोटात ठेवतो. राहिले मी. मला क्रिस्पिनने लग्नानंतर पंधराव्या दिवशी चर्चमध्ये नेलं, एस्पिनोच्या मरियामातेसमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली.

आज संत क्रिस्पिनचा दिवस, म्हणजे त्याचा नामदिन. चर्चमधली सकाळची मिस्सा झाली, मंद आचेवर रस्सा शिजतोय, आणि ती शपथ सुटल्यालाही बरीच वर्षं झाली. तेव्हा सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

क्रिस्पिन गावचा दवंडीवाला. त्याच्या आधी त्याचे वडील, त्यांच्या आधी आजोबा. टोप्या बदलल्या, पितळी कर्णा तोच. माझे सासरे चाळीस वर्षांच्या नोकरीत एकदाच दवंडी देताना हसले. खाटकाच्या विहिणीच्या मयताची दवंडी चालली होती आणि नेमका त्याच वेळी कोणाचा तरी बोकड शिंगांत बाईमाणसाचं अंतर्वस्त्र अडकवून समोरून शांतपणे चालत गेला. खाटकाने पुढची बावीस वर्षं आमच्या घराला हाडसुद्धा विकलं नाही. म्हणून कर्णा मुलाच्या हातात देताना सासरे एवढंच म्हणाले, "हुकूम हसत नसतो, बाळा. हसायचं असेल तर घरी येऊन हस."

क्रिस्पिनने ते अक्षरशः पाळलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फेरी संपवून तो घरी आला, टोपी खिळ्याला लावली, "सशांना बघून येतो" म्हणाला आणि परसात गेला. थोड्या वेळाने तिकडून असा काही आवाज आला की मला वाटलं, खुराड्यात कोल्हा शिरला. मी झाडू घेऊन धावले. पाहते तर नवरा खुराड्याच्या मागे जमिनीवर बसलेला, गळपट्टी सुटलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि एका हाताने भिंतीवर थापा मारतोय.

"काय झालं?" मी विचारलं.

"ओलेगारिओ," एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

ओलेगारिओ म्हणजे चौकातला न्हावी. बिनलग्नाचा, बारीक अंगाचा, वस्तऱ्याने हलका आणि जिभेने तिखट. क्रिस्पिन चौकात उभा राहून तीनदा कर्णा वाजवायचा, कागद उघडायचा आणि खर्जात सुरू करायचा. समोर दुकानाच्या दारात ओलेगारिओ. त्याच्या मागे खुर्चीत अर्धा फेस लावलेलं गिऱ्हाईक.

"सरपंचसाहेबांच्या हुकमावरून कळवण्यात येते की चौकात सार्डिन मासे आलेले आहेत."

"ह्या आठवड्याचे का मागच्या?"

"आठवड्याबाबत हुकमात उल्लेख नाही."

"आणि वासाबाबत?"

"वास ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर घ्यावा."

किंवा मग कोणाची तरी उजव्या कानाला खाच असलेली डुकरीण हरवलेली असायची.

"स्वभावाने कशी आहे?" ओलेगारिओ विचारायचा.

"मालकाने त्याबद्दल बोलायचे टाळले आहे."

चौकातली माणसं एकमेकांना धरून उभी राहायची. फेस लावलेलं गिऱ्हाईक गुदमरायचं. क्रिस्पिनची भुवई हलायची नाही. कागदाची घडी घालून तो पुढच्या कोपऱ्यावर जायचा, आणि ओलेगारिओ त्याच्या पाठीकडे बघून म्हणायचा, "उद्या. उद्या हसवतो याला." असं अठरा वर्षं चाललं. शनिवारी क्रिस्पिनची दाढी करतानाही त्याने प्रयत्न सोडले नाहीत. पण गळ्यावर धार असताना शहाणा माणूस हसत नाही.

मला अगदी लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ओलेगारिओची दया यायची. मी क्रिस्पिनला म्हणायची, "एकदा हस की रे त्याच्यासमोर. तुझं काय जाणार आहे?"

"अगं विसी, त्याला कळलं की मी हसतो, तर तो समाधानी होईल. समाधानी झाला की प्रश्न विचारायचा थांबेल. मग मी घरी येऊन हसू कशावर? तुझ्या रस्शावर?"

त्यावरून आमचं थोडं वाजलं. मग तो मला चर्चमध्ये घेऊन गेला आणि मघाशी सांगितलेली शपथ झाली.

१९७४च्या सप्टेंबरात माद्रिदहून टीव्हीवाले आमच्या पडक्या किल्ल्याचं चित्रण करायला आले. किल्ल्याला त्यांनी पाऊण तास दिला. क्रिस्पिन आणि ओलेगारिओला तीन दिवस. ऑक्टोबरात दोघांना बोलावणं आलं. दर शनिवारी दुपारी साडेतीनला, थेट प्रक्षेपण, नाव 'कर्णा-वस्तरा'. सरपंच दामिआन यांनी क्रिस्पिनला बिनपगारी रजा दिली आणि त्याच्या जागी चर्चच्या मनोऱ्यावर भोंगा बसवला. भोंग्यातून ग्रामकचेरीतल्या कारकुनाचा आवाज यायचा. त्याच्याकडे गावाने पहिल्या दिवसापासून लक्ष दिलं नाही.

कर्णा-वस्तरा टीव्हीवर एकूण एकतीस शनिवार होते. दवंड्या तिथले लेखक लिहायचे. ओलेगारिओने मधे काय विचारायचं, ते मात्र कोणी लिहायचं नाही, कारण लिहिलेलं त्याला आठवायचं नाही. कार्यक्रमाचे प्रमुख सेन्योर मोन्फोर्ते पहिल्याच दिवशी दोघांना म्हणाले होते, "लोक एकच गोष्ट बघायला बसणार आहेत. हा माणूस आज हसतो का? ज्या दिवशी हसेल त्या दिवशी आपलं दुकान बंद." आणि लोक खरंच बसले. अख्खा देश जेवणाची ताटं तशीच ठेवून क्रिस्पिनच्या भुवईकडे बघत बसायचा. आमच्याकडे फादर मेलितोन यांनी चर्चच्या सभागृहात टीव्ही ठेवला होता. शनिवारी तिथे इतकी गर्दी व्हायची की रविवारच्या मिस्सेला फादर रुसून बसायचे.

इथे एक अडचण उभी राहिली, आणि ती फक्त मला दिसत होती. माद्रिदमध्ये दोघे एकाच खानावळीत, एकाच खोलीत राहायचे. तिथे परस नाही, ससे नाहीत. क्रिस्पिनने हसायचं कुठे? त्याची पत्रं यायची: "सोमवारी कपाटात शिरून थोडं हसलो, पण आत कोट फार आहेत. बुधवारी समोरच्या चर्चमध्ये गेलो, तर तिथल्या माणसाने मला शोकाकुल समजून पाणी आणून दिलं. विसी, माझ्या पोटात नाताळापासूनचं साठलंय." नाताळात दोन दिवस घरी आला होता, तेव्हा दोन्ही दिवस तो खुराड्यामागेच होता. जेवण मी तिकडे नेऊन दिलं.

आता तिसाव्या शनिवारी काय झालं ते सांगते.

त्या दिवशी लेखकांनी जी दवंडी लिहिली होती त्यात गावाचं नाव नव्हतं. क्रिस्पिनने तीनदा कर्णा वाजवला आणि म्हणाला, "सरपंचसाहेबांच्या हुकमावरून गावकऱ्यांना कळवण्यात येते की उद्या सकाळी आठपासून पाणी बंद राहील. तरी सर्वांनी भांडी भरून ठेवावीत."

ओलेगारिओने पुढे काय विचारलं ते आम्हाला आजतागायत माहीत नाही. कारण तोर्रेखुन्कोचं सगळं सभागृह तोवर उठून घरी निघालं होतं. मीही उठले. बायको असून उठले. अठरा वर्षांत त्या कर्ण्यानंतर आलेला एकही शब्द खोटा निघाला नव्हता. पाय आपोआप चालले. मी कपडे धुवायची दगडी कुंडी भरली, पातेली भरली, सशांच्या पराती भरल्या. शेजारच्या पेत्रामावशीने रांजण रिकामा करायचा म्हणून चांगलं चाळीस लिटर व्हिनेगर ओतून दिलं. फादर मेलितोन यांनी बाप्तिस्म्याचं कुंड काठोकाठ भरलं. सरपंच दामिआन यांच्या घरी गावातला एकमेव आंघोळीचा टब आहे. तो भरताना त्यांची बायको म्हणाली, "अहो, हुकूम तुमचाच ना? मग तुम्हाला कसं माहीत नाही?" सरपंच म्हणाले, "क्रिस्पिन म्हणतोय म्हणजे मी दिला असेन. तू बादली दे."

सगळ्या गावाने एकाच संध्याकाळी सगळे नळ सोडल्यावर व्हायचं तेच झालं. रविवारी सकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना टाकी कोरडी पडली आणि खरोखरच पाणी गेलं.

"दहा मिनिटं आधीच गेलं," पेत्रामावशी म्हणाली. "त्याचं काय, माद्रिदचं घड्याळ पुढे असेल."

सोमवारपर्यंत टाकी पुन्हा भरली. पण भरलेली भांडी कोणी रिकामी करेना आणि नळाला कोणी हात लावेना. क्रिस्पिनने पाणी बंद सांगितलंय, चालू कुठे सांगितलंय? भोंगा दिवसातून चार वेळा ओरडला की पाणी आहे, वापरा. पेत्रामावशी मनोऱ्याकडे बघून म्हणाली, "तू गप रे." टाकी ओसंडून मळणीच्या खळ्यावर तळं झालं. न्हाणीत भांडी असल्याने लोक आंघोळीवाचून राहिले. येत्या रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा होता, आणि कुंडातलं पाणी वापरायचं की राखून ठेवायचं यावर फादर आणि बाळाची आजी यांचं बोलणं बंद झालं.

गुरुवारी आणखी एक प्रकार. ओलेगारिओच्या बंद दुकानाच्या दाराखालून काहीतरी पिवळट, लुसलुशीत बाहेर यायला लागलं. दुकान ऑक्टोबरपासून बंद, किल्ली ओलेगारिओच्या खिशात माद्रिदला. बायका जमल्या. ते उन्हाकडे वळत होतं. कोणीतरी क्रूसाची खूण केली, आणि मग तिथे एक मेणबत्ती लागली. ती मी लावली होती. लपवून काय उपयोग.

शेवटी सरपंचांनी स्वतः हुकूम लिहिला. तीन पानं, दोन शिक्के, वर लाख. गावाने क्रिस्पिनचंच ऐकायचं ठरवलंय, तर क्रिस्पिननेच टीव्हीवर सांगावं. "तारेने पाठवायला हे फार लांब आहे, विसिता," ते म्हणाले, "तूच घेऊन जा. तुझा नवरा आहे, तुला आत सोडतील." शुक्रवारी सकाळी सशांना पेत्रामावशीकडे सोपवून मी माद्रिदच्या बसमध्ये बसले.

शनिवारी सकाळी खानावळीत क्रिस्पिन आंघोळ करत होता, तेवढ्यात ओलेगारिओ मला खाली कोपऱ्यावर चुर्रो, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, खायला घेऊन गेला. मी दोन खाल्ले. त्याने एकही नाही. चॉकलेटच्या पेल्यात तो नुसता चमचा फिरवत होता.

"विसी, मी चाललोय."

"कुठे?"

"बार्सेलोनाला. नाटक कंपनी आहे. आज सहा वाजता सही करायची." त्याने कोटाच्या खिशातून करारपत्राची घडी काढून दाखवली आणि पुन्हा ठेवली. "तिथे जोडीदार दुसरा आहे. मी भेटून आलो. मी नुसतं नाव सांगितलं तरी तो हसला."

"मग तो मूर्ख असेल."

"असू दे. निदान हसला तरी." त्याने पेला बाजूला सारला. "तुझा नवरा चांगला माणूस आहे. त्याच्याविरुद्ध माझं काही नाही. पण अठरा वर्षं, विसी. दवंडीला, दाढीला, जेवताना. आता एका खोलीत झोपतो आम्ही, पाजामा उलटा घालून बघितला मी. काही नाही. बाहेर अख्खा देश हसतो आणि मला कळतं की ते त्याच्या चेहऱ्याला हसतात. मला नाही. ज्याला मी खरं विचारतोय त्याला माझ्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. न्हाव्याला धार गेल्याचं कळायला हवं."

माझ्या तोंडात चुर्रो होता, देवाची कृपा. नाहीतर माझ्या तोंडून निघूनच गेलं असतं.

मी त्याला म्हटलं, जरा प्रार्थना करून येते, आणि समोरच्या चर्चमध्ये जाऊन पापकबुलीच्या खिडकीशी गुडघे टेकले.

"बोला बाई," आतून एक म्हातारा आवाज आला.

"फादर, मी एक शपथ घेतलीय. ती पाळली तर एका माणसाचा जीव तुटतो. मोडली तर पाप लागेल."

"कसली शपथ?"

"माझा नवरा हसतो, हे कोणाला न सांगण्याची."

फादर जाळीपलीकडे खाकरले. "बाई, बऱ्याच लोकांचे नवरे हसतात."

"माझा कर्णावाला आहे. शनिवारचा."

आतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "तो हसतो?"

"रोज."

"अरे देवा," म्हातारे फादर हळूच म्हणाले. "माझी आणि माझ्या बहिणीची ऑक्टोबरपासून पैज लागलीय. आणि आता हे मला तिला सांगता येणार नाही, कबुलीतलं आहे." त्यांनी सुस्कारा सोडला. "शपथ म्हणजे शपथ, बाई. ज्याने घातली त्यालाच सोडवू दे. जा, तीन वेळा मरियेची प्रार्थना म्हणा. एक माझ्यासाठीही म्हणा."

मी परत जाऊन क्रिस्पिनला सगळं सांगितलं. ओलेगारिओ जातोय, हे न सांगण्याची शपथ काही मी घेतली नव्हती. क्रिस्पिनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"आज त्याच्यासमोर हस," मी म्हटलं. "नोकरी जाऊ दे खड्ड्यात."

"उसनं आणलेलं हसू त्याला कळणार नाही होय? न्हावी आहे तो. माणसाचा गाल खरा का खोटा, बोटाने ओळखतो. मी मुद्दाम हसलो तर त्याला वाटेल दया करतोय. आणि तेव्हा तो खराच जाईल."

"मग निदान सांग तरी."

"काय सांगू? अठरा वर्षं कपाटात हसलो म्हणून? पटेल त्याला?" तो उठला, टोपी घातली. "कार्यक्रम झाला की बोलतो. काहीतरी बोलतो."

मी सरपंचांचा लिफाफा पुढे केला. त्याने तो उघडला नाही. शिक्क्याचा हुकूम दवंडीवाला चारचौघांत फोडतो, आधी वाचत नाही. हा त्याच्या आजोबांपासूनचा नियम. सेन्योर मोन्फोर्ते यांना तर ही कल्पना फारच आवडली. त्यांना वाटलं, आमच्या सरपंचांना लिहायची हौस आहे.

साडेतीन वाजता मी दिव्यांच्या मागे एका खुर्चीत जपमाळ धरून बसले. समोर लाकडी चौक, लाकडी कारंजं, न्हाव्याचं खोटं दुकान. खुर्चीत एक खरं गिऱ्हाईक, तोंडाला फेस. दारात ओलेगारिओ. त्याचा वस्तरा उघडा होता, पण चेहरा मिटलेल्या दुकानासारखा.

क्रिस्पिनने तीनदा कर्णा वाजवला आणि लाख फोडली.

"तोर्रेखुन्को गावच्या सरपंचांच्या हुकमावरून कळवण्यात येते की, गेल्या शनिवारी पाणी बंद राहील असे जे कळवण्यात आले, ते कळवावे असे कळवण्यात आलेले नव्हते."

ओलेगारिओने मान वर केली. गावाचं नाव ऐकून तो दारातून एक पाऊल पुढे आला. "तोर्रेखुन्को? आपलं?"

"आपले. सबब खाली नमूद केलेल्यांनी भांडी रिकामी करावीत. पेत्रामावशी: रांजण तीन, घमेली दोन, नवऱ्याची टोपी एक."

"नवरा कुठे होता?"

"टोपीत नव्हता, असे कळते. फादर मेलितोन: बाप्तिस्म्याचे कुंड एक, तीर्थाची भांडी दोन, सुपाचे पातेले एक."

"सूप पवित्र धरायचं का?"

"बिशपांना विचारणा केलेली आहे. सरपंच स्वतः: टब एक."

"तो कोणाच्या हुकमावरून भरला?"

"स्वतःच्या. हुकूम कधी दिला ते त्यांना आठवत नाही."

समोर बसलेले लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. त्यांना वाटत होतं हे सगळं लेखकांनी रचलंय. ओलेगारिओला कळत होतं की यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. त्याच्या गालांवर रंग परत यायला लागला होता. तो माद्रिदमध्ये उभाच नव्हता, आमच्या चौकात उभा होता.

"ओलेगारिओ, न्हावी, परगावी," क्रिस्पिनने वाचलं. "परत आल्यावर त्याचे पाण्यावाचून हाल होऊ नयेत म्हणून रेकेना बंधूंनी दुकानाच्या खिडकीच्या गजांतून पन्हळ घालून अंदाजाने ओतलेल्या बादल्या: अकरा."

ओलेगारिओने वस्तरा खाली घेतला. ज्या गावाला आपण आठवत नसू असं त्याला वाटत होतं, त्या गावाने त्याच्यासाठी अकरा बादल्या वाहिल्या होत्या. त्याने ओठ आवळले. गिऱ्हाईक फेसातून त्याच्याकडे काळजीने बघायला लागलं.

"तसेच," क्रिस्पिन म्हणाला, "सदर दुकान कुलूपबंद असून गुरुवारपासून त्याच्या दाराखालून काहीतरी पिवळट बाहेर येत आहे. ते काय आहे हे कोणालाही सांगता आलेले नाही. पशुवैद्यांनी तपासून ते जनावर नसल्याचा निर्वाळा दिला आहे. एका धार्मिक बाईने तेथे मेणबत्ती लावली असून, लगतच्या दोन गावांतून लोक दर्शनाला येऊ लागले आहेत. तरी दुकानमालकाने खुलासा करावा."

सगळे ओलेगारिओकडे बघायला लागले. तो कपाळाला आठ्या घालून विचार करत होता. त्याने कागदाकडे पाहिलं. मग दिव्यांच्या मागे, जपमाळ धरून बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या आठ्या उलगडल्या. चौकात सार्डिनबद्दल विचारायचा अगदी त्याच आवाजात, हळूच, तो म्हणाला,

"हरभरे."

त्याच्या वडिलांच्या शेतातलं अर्धं पोतं. ऑक्टोबरात निघताना जागा नव्हती म्हणून त्याने ते खिडकीखालच्या मोठ्या तांब्याच्या घंगाळात ओतून ठेवलं होतं. आठवडाभर अकरा बादल्या पाण्यात.

आधी क्रिस्पिनच्या हातातला कागद थरथरला. मग उजवी भुवई वर गेली. तिच्या पाठोपाठ डावी. त्याने स्वतःला सावरायला कर्णा तोंडाला लावला, आणि जे बाहेर आलं ते कर्ण्यातून आलं, म्हणजे दुप्पट. कोल्ह्याचा आवाज मी एकटीने खुराड्यामागे ऐकला होता. तो आता सगळ्या देशाने ऐकला. क्रिस्पिन गुडघ्यांवर आला. "मेणबत्ती," तो म्हणाला, "हरभऱ्यांना... विसीने..." आणि लाकडी कारंज्याला मिठी मारली. कारंजं पडलं. नाताळापासूनचं होतं ते, नुसतं हरभऱ्यांचं नव्हतं. एक संपलं की मागचं दुसरं यायचं. गिऱ्हाईक फेसासकट जमिनीवर बसलं. कॅमेरावाला कॅमेरा सोडून भिंतीला टेकला.

सेन्योर मोन्फोर्ते ओरडले, "काहीही लावा." हाताशी फिल्म एकच होती, माद्रिदच्या कारंज्यांची, आणि ती लागली. गावात मात्र लोकांनी तो दवंडीचाच शेवट धरला. एवढं पाणी दिसल्यावर पेत्रामावशीने जाऊन रांजण उपडे केले.

कपडे बदलायच्या खोलीत ओलेगारिओ स्टुलावर बसला होता. क्रिस्पिन कोपऱ्यात टॉवेलमध्ये तोंड घालून अजून अधूनमधून उसळत होता.

"हसला," ओलेगारिओ म्हणाला. कोणाला तरी वस्तऱ्याने लागलं असावं तसा तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "विसी, तू खोटं बोलत नाहीस. हा याआधी कधी हसला होता?"

मी जपमाळेकडे बघत राहिले.

"तिला नको विचारू," टॉवेलमधून आवाज आला. "तिला शपथ आहे. मी सोडवली म्हण. मला विचार."

"कधी हसलास?"

"रोज."

"रोज म्हणजे?"

"अठरा वर्षं. परसात, सशांच्या मागे. इथे कपाटात."

"कपाटात?" ओलेगारिओ उठून उभा राहिला. "मला वाटायचं तू कोट झटकतोस."

"ते पण झटकायचो. अश्रू लागलेले असायचे."

"अरे लबाडा. अरे दगडाच्या देवा. अठरा वर्षं मी छताकडे बघत झोपलो नाही, आणि तू कपाटात?" तो रागाने येरझाऱ्या घालायला लागला. हातात वस्तरा अजून तसाच, पात्यावर फेस वाळत चाललेला. त्याने सवयीने खिशात कागद चाचपला, मिळाला तो काढला, पातं त्यावर दोनदा नीट पुसलं आणि कागद चुरगळून टोपलीत टाकला. कोपऱ्यावर बार्सेलोनाच्या कंपनीचा शिक्का होता. तो मला दिसला. त्यालाही दिसला असावा, पण त्याने परत वाकून काढला नाही.

मग त्याने स्टूल ओढून क्रिस्पिनच्या गुडघ्याला गुडघा लावला.

"सांग. एक सोडायचा नाही. पहिल्यांदा कशाला हसलास?"

"सार्डिन."

"ते? त्यात काय होतं?"

"'आणि वासाबाबत?' असं म्हणालास ना, तिथे."

"हां," ओलेगारिओ हळूच म्हणाला. "ते बरं होतं ना?"

"मला घरापर्यंत चालवत नव्हतं."

"पुढे?"

"पुढे डुकरीण. मग सुताराच्या सासूचा दात."

"दाताला तू हसलास? मला वाटलं ते वाया गेलं."

"वाया? त्या दिवशी विसीला मला खुराड्यातून ओढून काढावं लागलं."

दार उघडलं आणि सेन्योर मोन्फोर्ते आत आले. टाय सैल, चेहरा पांढरा. त्यांच्या मागे बोळात टेलिफोन एकसारखे वाजत होते. "पाहिलंत ना काय केलंत?" ते म्हणाले. "आता पुढच्या शनिवारी लोक काय बघायला बसणार? मला आत्ताच्या आत्ता तुमच्या दोघांशी बोलायचंय."

ओलेगारिओने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"साहेब, जरा नंतर या," तो म्हणाला. "आम्ही अजून पहिल्या वर्षातच आहोत."